नक्शेवाल्याचं घर : कापडावर सही नसते, मग माणूस शोधायचा कुठे?

औरंगपुऱ्याची

आपल्याकडे जुनं घर बघायला जायचं ते एकतर संताचं, नाहीतर सरदाराचं. पैठणला गेलो की नाथांच्या वाड्यातला रांजण बघतो, तेरला गेलो की गोरोबाकाकांचं घर बघतो. गोरोबाकाका कुंभार होते, म्हणजे कारागिराचं घर बघितल्यासारखं झालं म्हणा. पण तिथे हात जोडतो ते संताला. चाक कुठे फिरत असेल, माती कुठे तुडवत असतील, असं विचारणारं कोणी मला तरी भेटलं नाही.

हे डोक्यात घोळायचं कारण म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबाद शहरातलं एक घर. हिमरूचे नक्शे बांधणाऱ्या माणसाचं. मी कापडाचं डिझाइन शिकवते, एका विद्यार्थिनीच्या ओळखीने आत जायला मिळालं. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव, गल्ली काही देत नाही. त्या माणसाचे नातू तिथे राहतात, सत्तरीच्या पुढचे आहेत. गल्ली त्यांना चाचा म्हणते, मीही तेच म्हणते.

ज्यांना हिमरू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुती ताणा (उभे धागे), रेशमी बाणा (आडवे धागे) आणि नक्षीसाठी वेगळा जादा बाणा. शेरवान्या, शाली यांचं कापड. मोहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर सोबत आले, असं परंपरा सांगते. आता नक्षी कापडात उतरवायची तर धोटा फेकायच्या आधी, दर वेळी, ताण्याच्या शेकडो धाग्यांपैकी नेमके कोणते उचलायचे हे ठरलेलं हवं. ते ठरवणारा तो नक्शाबंद. तो आधी चित्र काढणार, मग घरं मोजणार, आणि मग ते सगळं दोऱ्यांत बांधणार. हा दोऱ्यांचा नक्शा मागाच्या जाल्याला, म्हणजे मागावर उंच टांगलेल्या दोऱ्यांच्या जाळ्याला, जोडला की वर बसलेला पोरगा ओळीने दोऱ्या ओढत जातो आणि खाली विणकर विणत जातो. विणकराला चित्र बघायची गरजच नाही, सगळी नक्षी गाठींत लिहिलेली, पोथीसारखी. पुढे जॅकार्ड आलं (फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास), त्यातल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी हेच काम केलं आणि वर बसणाऱ्या पोराला खाली उतरवलं.

तर घर. बाहेरून काहीच कळत नाही. ढाळज, एका बाजूला ओटा, आत चौक, चौकात कोरडा हौद. खरी गंमत चौकाच्या उत्तरेकडच्या खोलीत आहे. घरातलं बाकी माळवद इतकं बुटकं की हात वर केला तर किलचणीला लागतो. ही एकच खोली मात्र दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. भिंतीच्या वरच्या भागातले दगडाचे थर वेगळे आहेत, खालच्या बांधकामाशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणजे घर आधीचं, उंची मागाहून दिलेली. चाचांचं म्हणणं, "दादा ने छत उठाई, जाला लगाने को."

जमिनीला शहाबादी फरशी, पण तिच्यात दोन लांबट चौकोन वेगळ्या फरशीचे. त्यावर टाच आपटली की आवाज बदलतो. हे मागाचे खड्डे, आता बुजवलेले. वरच्या तुळईला दोराने कापलेल्या खाचा. आणि समोरासमोरच्या भिंतींत, माझ्या छातीच्या उंचीवर, फळी सरकवता येईल अशा खोबण्या. एका खोबणीच्या जरा खाली गिलाव्याला दोन खळगे पडलेत. मी अंगठा घालून बघितला, आत गुळगुळीत. लहान टाचेच्या मापाचे. दोरी ओढताना पोरगं तिथे पाय टेकवून बसत असणार.

जिना चढून गेलं की माडीवर त्याची स्वतःची खोली. एवढीशी. खिडकी जमिनीपासून वीतभर वर, कारण बसायचं जमिनीवर. खिडकीच्या उजव्या अंगाची लाकडी चौकट कोपर टेकवून टेकवून झिजलेली. भिंतीत बारक्या खुंट्यांच्या दोन ओळी, समोरासमोर. कोनाडे अरुंद आणि खोल, गुंडाळी करून ठेवायच्या वस्तूंसाठी केल्यासारखे. आणि खिडकीजवळ चुन्याचे पापुद्रे सुटलेत तिथे खालच्या थरावर खिळ्याने ओरखडून काढलेले चौकोन, त्यात गेरूने भरलेली अर्धी कैरी.

ही कैरी मी बराच वेळ बघत बसले. रेघ वळत नाही तिची, पायऱ्या पायऱ्यांनी चढते. एक घर वर, दोन घरं आडवी, परत एक घर वर. पोट सरळ जमलंय, देठ जमलाय, पण टोक वळतं तिथे खाडाखोड. एकावर एक, तीन तऱ्हेने काढून बघितलंय आणि तिन्ही खोडलेत.

आत्तापर्यंत मी मुलांना शिकवत आले की डिझाइनर म्हणजे चित्रकार. हा माणूस चित्रकार नव्हता असं मला त्या खोलीत वाटायला लागलं. तो मोजणारा होता. त्याने छत उचललं ते मोजून, खुंट्या ठोकल्या त्या मोजून. तुमच्यापैकी कोणी असं कारागिराचं घर बारकाईने बघितलंय का? काय बघायचं, कसं बघायचं, सांगा.

बीडचा_पाव्हणा

लई भारी धागा. वाखूण साठवली. आमच्या गावाकडं सोनाराच्या वाड्यात भट्टीची जागा अजून काळी ठिक्कर हाय, चार पिढ्या झाल्या तरी चुना पोतून पोतून काळं वर येतंयच. पण कोणी त्याला बघण्यासारखं म्हणलं नाही आजवर. आम्ही तिथं लपाछपी खेळायचो.

एक इचारायचंय, नक्शा बांधलेला एखादा सापडला का घरात? दोऱ्यांचा? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चुना_वाळू

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. पेशाने वास्तुरचनाकार आहे, जुन्या वाड्यांची मोजमापं घेत फिरतो, म्हणून.

घर हे कागदपत्र नाही. त्यात राहणारा प्रत्येक जण आपापला खिळा ठोकून जातो. तुळईला खाचा आहेत म्हणता, मराठवाड्यातल्या दर दुसऱ्या वाड्यात तशा असतात, झोपाळ्याच्या नाहीतर पाळण्याच्या. उंच खोली म्हणाल तर पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या धामधुमीत कितीतरी घरांचे मालक बदलले, नव्या मालकाने गोदाम करायला छत उचललं असं मी स्वतः पाहिलंय. भिंतीतल्या खोबण्या तर मचाणाच्याही असतात. गवंडी काम झाल्यावर बुजवत नाहीत. आणि चाचांनी सांगितलं ते चाचांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं असणार.

नातवाचं प्रेम आणि शिक्षिकेचा उत्साह दोन्ही समजू शकतो. पण आधी घर वाचा, मग माणूस. उलटं केलंत तर दिसेल ती प्रत्येक खुंटी नक्शाचीच वाटेल.

औरंगपुऱ्याची

@बीडचा_पाव्हणा, पूर्ण नक्शा नाही मिळाला. जाला गेला तेव्हा दोऱ्या खाटा विणायला वापरल्या म्हणे! चाचा हे हसत हसत सांगत होते. मला मात्र हसू आलं नाही.

@चुना_वाळू, झोपाळ्याचं मान्य करायला माझी हरकत नव्हती. पण झोपाळ्याला कडी लागते, कडीची झीज एका जागी होते. इथे दोर तुळईभोवती गुंडाळलेला आहे, खाचा चारही कडांना आहेत. अशा खाचांच्या दोन जोड्या आहेत आणि दोन्ही जोड्या बरोबर बुजवलेल्या खड्ड्यांच्या वर येतात. मी दोरीला किल्ली बांधून ओळंबा सोडून बघितला. झोपाळ्याखाली खड्डा कोण खणतं हो?

चुना_वाळू

ओळंबा सोडलात हे आवडलं. खड्ड्यांचं मान्य. टाचांच्या खळग्यांबद्दल अजून शंका आहे, पण ती फोटो बघून.

तोवर एक कळकळीची सूचना. तो चुना खरवडू नका. कोणालाही खरवडू देऊ नका, विद्यार्थ्यांना तर नाहीच. चुन्याच्या हातांखाली आणखी काही आहे का बघायचं तर संध्याकाळी जा, खोली अंधारी करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. उजेड आडवा पडला की ओरखडे सावली धरतात, समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये सगळं सपाट होतं. फोटोत पट्टी ठेवा, नाहीतर नंतर घरं मोजता येणार नाहीत. आणि चाचांना सांगा, ओल आलीय म्हणून कोणी सिमेंटचा गिलावा सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. माती-चुन्याची भिंत श्वास घेते. वर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटसकट जुना थर गळून पडतो. तुमची कैरी त्याच्याबरोबर जाईल.

गोदाकाठचा_धोटा

नमस्कार, मी पैठणचा, घरात माग आहे. एक गोष्ट लिहावीशी वाटली कारण बाहेरची माणसं हिमरू आणि पैठणी एकाच टोपलीत टाकतात.

आमच्या पैठणीला जाला लागत नाही. पदरावर मोर काढायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, हाताने त्या त्या जागी फिरवायची, शेजारच्या रंगाशी अडकवून परत. त्यामुळे अस्सल पैठणीचा पदर मागून-पुढून सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. विणणाराच डोक्यात नक्षी घेऊन बसतो, फार तर खाली आलेखाचा कागद. बांगडी मोर, मुनिया, असावली, अजिंठ्याचं कमळ, सगळं बोटांनी मोजून. म्हणून आमच्या घरांची माळवदं उंच नाहीत, मागावर डोकं लागत नाही एवढं पुरतं. ताईंनी छत उचलल्याचं लिहिलंय ते वाचून लगेच पटलं मला. जाल्याशिवाय तेवढी उंची कशाला?

आणि हो, उजेड. माग वाटेल तिथे मांडत नाहीत. आमच्याकडे आजी म्हणायची, उन्हाचा पट्टा ताण्यावर पडला तर रंग खोटे दिसतात. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या आहेत का त्या खोलीला?

औरंगपुऱ्याची

आहेत, तीन. आणि दक्षिणेला एकही नाही. माळवदाला वर सानं, म्हणजे उजेडाचं भोक, होतं तेही बुजवलंय. माडीची खिडकीही उत्तरेलाच. हे मी नोंदलं होतं पण त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात, आभार.

खडकीकर

धाग्याचं शीर्षक वाचून बीबी का मकबऱ्याची आठवण झाली. त्याच्या मुख्य दरवाजावर लेख आहे, अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता, अशी दोन्ही नावं. अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. म्हणजे साडेसहा लाखांच्या वर खर्च झालेल्या इमारतीवर आराखडा करणाऱ्याचं नाव येऊ शकत होतं. कापडावर कधीच नाही. कापड दरबारात जायचं, नाव व्यापाऱ्याचं नाहीतर गावाचं. हिमरूही औरंगाबादी, शालूही बनारसी, पैठणीला तर गावाचंच नाव. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही गावाच्या नावाने, आणि ते योग्यच आहे, पण बघा.

आता हौदाकडे वळा. नक्शा बांधायला पाणी लागत नाही. मग हौद कशाला? नुसतं पिण्यापुरता का रंगाईसाठी? खडकी, म्हणजे आपलं औरंगाबादच, वसवली मलिक अंबरने, १६१० मध्ये, आणि १६२६ मध्ये तो वारला. मधल्या वर्षांत त्याने नहर-ए-अंबरी आणली. डोंगराकडचं जमिनीतलं झिरपतं पाणी भुयारी चरात गोळा करायचं, उताराने शहरापर्यंत आणायचं आणि शहरात खापरी नळांनी वाटायचं. कुठेही मोट नाही, चाक नाही. मधे मधे दगडी बंब उभे केलेत, त्यांतून हवा सुटते आणि नळावरचा दाब आटोक्यात राहतो. पाणचक्कीची नहर वेगळी आणि बरीच नंतरची, ती १७४४ ची. गल्लत करू नका, इथे दर पावसाळ्यात कोणीतरी करतं.

मलिक अंबरचा स्वतःचा नौखंडा महाल, १६१६ चा, त्यातही दर भागाला बाग आणि हौद होते अशी नोंद आहे. ज्याने शहराला पाणी दिलं त्याचं घर पाण्याभोवतीच बांधलेलं. तुमच्या नक्शेवाल्याचं घर दोऱ्यांभोवती. मला हे एकाच जातीचं वाटतं.

औरंगपुऱ्याची

हौदाच्या भिंतीत खापरी नळाचं तोंड दिसतं, आत चिखल. आणि हौदापासून मोरीकडे जाणाऱ्या दगडी पन्हाळीला निळसर झाक आहे. घासलं तरी जात नाही, चाचींनी म्हणे राख लावून बघितली होती. निळीची असेल. म्हणजे सूत रंगवणं घरातच होतं, निदान काही काळ.

मोगरा

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. सगळी चर्चा 'त्याचं' घर, 'त्याची' खोली, 'त्याने' छत उचललं. निळ्या पन्हाळीवर कोण वाकत होतं? कांड्या कोण भरत होतं? माझी आजी वसमतकडची, तिच्या माहेरी माग होता. पुरुष मागावर आणि बायका पहाटेपासून सूत उकलत, खळ लावत, कांड्या भरत. आजीच्या उजव्या मांडीवर सूत फिरवून फिरवून चट्टा पडला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. कोणी तिला कारागीर म्हटलं नाही.

दुसरं, ते टाचांचे खळगे. सगळ्यांना ते किती हृद्य वाटतायत! सात-आठ वर्षांचं पोर दिवसभर फळीवर बसून दोऱ्या ओढतंय. त्याला शाळा नाही, खेळ नाही. हिमरूचं कौतुक करताना हेही लिहा.

औरंगपुऱ्याची

मोगरा, दोन्ही मुद्दे लागले. त्या फळीवर चाचांचे वडील बसायचे. नक्शाबंदाचा स्वतःचा मुलगा. चाचा सांगतात, अब्बांना उजवा खांदा कधी पूर्ण वर नेता आला नाही, आणि त्यांनीच जॅकार्ड घरात आणायचा हट्ट धरला. म्हाताऱ्याला ते आवडलं नव्हतं. बापाचा नक्शा मुलाने बंद पाडला, आणि तो का, हे त्या भिंतीतच आहे.

बायकांच्या कामाची जागा मी नीट बघितली नव्हती हे खरं, माजघरात फार थांबूही शकत नव्हते, तिथे संसार चालू आहे. चाचींशी बोलते. त्यांच्या सासूबाई कांड्या भरायच्या एवढं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या वेळी आधी त्यांच्याजवळ बसते आणि मग माडीवर जाते.

तेरणाकाठ

तेरचा उल्लेख आला म्हणून. पेरिप्लसमध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शिकेत, दोन गावं शेजारी शेजारी येतात: पैठण आणि तगर, म्हणजे आमचं तेर. पैठणहून गोमेदासारखे खडे, आणि तगरहून साधं कापड, मलमलीचे प्रकार. गाड्यांवर लादून बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला. दोन हजार वर्षांपूर्वी कापड विणणाऱ्या गावात आज एकही माग चालू असल्याचं मला माहीत नाही. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली बघायला लोक येतात. येऊ देत. पण मातीच्या चकत्या, सूत कातायच्या चात्या त्याच कपाटांत असतात, त्याही बघा म्हणतो.

बीडचा_पाव्हणा

मोगराताईंचं पटलं. आमच्या सोनाराच्या वाड्यात भाता ओढणारं पोरगंच असायचं. आत्ता आठवलं, त्याच्या जागेला भिंत पाठीनं झिजून चकचकीत झाल्ती.

अवांतर: ढाळजेत बसून गप्पा मारणाऱ्या माणसांची जागापण झिजलेली असती, त्यांचं पण संशोधन व्हायला पायजे.

जुना_जाला

इथे क्वचित लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या हिमरू विणत होते, मी पुण्याला नोकरीत. माझ्या वडिलांना हा धागा वाचून दाखवला. कैरीचा फोटो त्यांनी मोबाइलवर मोठा करून बघितला आणि एकच वाक्य बोलले, "नोक बैठी नहीं उसकी." टोक बसलं नाही त्याचं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो. हिमरूत नक्षीचा जादा बाणा जिथे समोर दिसायला हवा तिथे वर येतो, बाकी वेळ कापडाच्या मागे सुटा पळतो. मागची ती सुटी सुतं हेच हिमरूच्या ऊबेचं आणि मऊपणाचं कारण. पण सूत फार लांब सुटं राहिलं तर अंगठीत अडकतं, नखात अडकतं, कापड ओढलं जातं. म्हणून नक्शाबंदाला दर थोड्या अंतरावर ते सूत कुठेतरी वर आणून बांधून घ्यावंच लागतं. मोठी कैरी, बाजूला मोकळी जागा, असं चित्र कागदावर सुंदर दिसतं, मागावर चालत नाही. मग मोकळ्या जागेत काय करायचं? ठिपका टाकायचा, बारीक पान टाकायचं, शंकरपाळं टाकायचं. हिमरूत मोकळी जमीन फारशी दिसत नाही ती यामुळे, असं वडिलांचं म्हणणं. लोक म्हणतात मोगलाई हौस, सगळं भरून टाकायची. वडील म्हणतात, हौस नाही, अडचण.

कैरीचं टोक बाहेर वळलं की त्याच्या आणि पोटाच्या मधे एक खिंड तयार होते. तिथे ठिपका टाकायला जागा नाही आणि न टाकला तर मागे सूत लोंबतं. तीन वेळा खोडलंय ते याच जागी.

औरंगपुऱ्याची

हे वाचून मी परत सगळे फोटो काढून बसले. (चुना_वाळू, टॉर्च तिरका धरून काढलेले. पट्टीसकट.)

कैरीच्या भोवती मला जी घाण वाटली होती, गेरूचे शिंतोडे, ते शिंतोडे नाहीत. ठिपके आहेत. पोटाच्या बाजूने ठराविक घरं सोडून एक, परत तेवढी घरं सोडून एक. देठाखालीही तसंच. फक्त टोकाच्या खिंडीत एका तऱ्हेत ठिपका अर्धा कैरीवर चढलाय, दुसरीत टोक आखूड केलंय, तिसरी पुरती कळत नाही, तिच्यावर जोरात फासलंय.

चाचांकडे पेटीत एका शेरवानीची बाही आहे, कसर लागलेली, तांबूस जमिनीवर कैऱ्या. दादांच्या नक्शाची म्हणतात. तिचे फोटो आहेत माझ्याकडे. त्यातल्या कैरीला बाहेर वळलेलं टोक नाहीच. टोक आत वळवून पोटाला टेकवलंय. खिंडच ठेवलेली नाही! आणि टेकतं तिथे एक बारीक फूल बसवलंय, शोभेचं दिसतं, पण बाही उलटी केली की कळतं, मागचं सूत नेमकं तिथेच बांधलं गेलंय. वर्षानुवर्षं मी मुलांना कैरीचे प्रकार शिकवताना आत वळलेल्या टोकाला 'लाजरी कैरी' म्हणत होते, वर्गात तेवढंच हसू. आता त्यांना बाही उलटी करून दाखवावी लागेल.

गोदाकाठचा_धोटा

वा! आमच्याकडे ही अडचणच नाही, तिल्ली तिथल्या तिथे वळते, म्हणून आमचा मोर वाटेल तसा मान वळवतो. प्रत्येकाचा माग, प्रत्येकाची खोड.

खडकीकर

मोजणारा होता म्हणालात ते बरोबर, पण अर्धंच. मोजून जमलं नाही तिथे त्याने आकारच बदलला. त्याला चित्रकार म्हणायला काय हरकत आहे?

औरंगपुऱ्याची

हरकत नाही. पण चित्रकाराला कापडाची उलटी बाजू बघावी लागत नाही.

मोगरा

ती उलटी बाजू पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागत असेल? शेरवानीला अस्तर लावणारीच्या. चाचींना विचारा बरं, कापड उतरलं की मागची सुतं कोण तपासायचं.

चुना_वाळू

बाही त्याच्याच नक्शाची कशावरून, हा प्रश्न उरतोच. भिंतीवरची घरं आणि बाहीतले धागे यांचा मेळ बसतो का ते मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. चाचा हो म्हणाले तर मी टेप, ओळंबा आणि भिंग घेऊन येतो, त्या उंच खोलीचा छेदही काढून देतो. पैसे नकोत. फक्त माडीच्या जिन्याच्या पायऱ्या धड आहेत का ते आधी सांगा, माझं वजन जरा जास्त आहे.

औरंगपुऱ्याची

चाचा हो म्हणालेत. खालून तिसरी पायरी सोडून चढा. चाचींनी निरोप दिलाय की माणसं मोजून सांगा, चहा ठेवायला बरं.